घरचा स्प्लिट एसी मीच बसवला

एसीतला गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत असतो. कमी झाला, म्हणजे कुठून तरी गळतोय. तरीही आधीच्या भाड्याच्या घरात आम्ही दर उन्हाळ्यात गॅस भरून घ्यायचो, कारण ज्यांनी तो एसी बसवला ते तासाभरात टांगून मोकळे झाले होते. नागपुरात स्वतःचं घर झालं आणि दीड टनाचा इन्व्हर्टर एसी घ्यायचं ठरलं, तेव्हा मी घरात सांगून टाकलं: हा मी बसवणार, नवतपा म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस लागायच्या आत.

आमच्याकडे मे महिन्यात कूलरच भारी. हवा कोरडी असते, वाळ्याच्या जाळीतून येणारा वारा सुखावतो. पण पाऊस पडला की तोच कूलर नुसता दमटपणा वाढवतो आणि जुलै-ऑगस्टच्या रात्री अंग चिकचिकत राहतं. एसी हवा होता तो मुख्यतः त्या दिवसांसाठी.

मी आयटीआय फिटर आहे, पाना-ड्रिल रोजच्या हातातलं. बरोबर शिकलेला एक मित्र फ्रिज-एसी दुरुस्तीचं काम करतो. व्हॅक्यूम पंप, गेज, नायट्रोजनचा सिलिंडर सगळं त्याचंच, आणि गॅसशी संबंधित कामाच्या वेळी तो शेजारी उभा होता. हे मुद्दाम सांगतोय. दुसरं म्हणजे, खरेदीच्या आधीच वॉरंटीच्या अटी वाचल्या. बऱ्याच कंपन्यांना अधिकृत माणसानेच बसवलेला एसी लागतो, नाहीतर वॉरंटी जाते. आम्ही ते बघूनच मॉडेल निवडलं.

विजेचं काम परवानाधारक वायरमनकडून करून घेतलं. मीटरच्या बोर्डापासून वेगळी लाइन, 4 चौरस मिमीची तांब्याची वायर, 20 अँपिअरचा एमसीबी आणि नीट तपासलेलं अर्थिंग. दुसऱ्या कशाच्या सॉकेटवर एसी चालवायचा नाही.

इनडोअरची पाठीची पट्टी लेव्हल लावून ठोकली. मग नऊ इंची भिंतीला कोअर कटिंगच्या मशीनने आरपार भोक, बाहेरच्या बाजूला थोडं उतरतं. हा उतार ड्रेन पाइपसाठी. पाइप कुठेही वर चढला की पाणी तुंबतं आणि महिनाभराने भिंतीवर ओघळ दिसतात. युनिट टांगल्यावर ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओतलं आणि बाहेर धार लागलेली बघूनच पुढे गेलो. आउटडोअर बाहेरच्या भिंतीवर, लोखंडी ब्रॅकेट आणि फास्टनर लावून, खाली रबरी पॅड. मागे-पुढे हवा खेळायला जागा सोडली. वजन पंचवीस किलोच्या वर असतं, एकट्याने उचलायच्या भानगडीत पडू नये.

खरा कस लागतो तो फ्लेअरला. फ्लेअर म्हणजे तांब्याच्या नळीचं तोंड कर्ण्यासारखं उघडणं. ते नटाने दाबलं की गॅस अडतो. आमच्या एसीला पाव इंची आणि अर्धा इंची अशा दोन नळ्या. नळी कटरने हळूहळू फिरवत कापायची, हॅक्सॉ अजिबात नाही. मग आतली धार खरवडून काढायची. त्या वेळी नळीचं तोंड जमिनीकडे धरायचं, म्हणजे तांब्याचा कीस आत न जाता खाली पडतो. आत गेलेला एक कणही पुढे कॉम्प्रेसरला नडू शकतो. नट आधी नळीवर सरकवायचा, मगच टूल लावायचं. तोंड उघडल्यावर ते उजेडात धरून बोट फिरवायचं. पृष्ठभाग आरशासारखा लागला पाहिजे. एक बारीक रेघ दिसली तरी कापून परत करायचं. त्यावर रेफ्रिजरेशन ऑइलचा थेंब आणि दोन पान्यांनी आवळणं, एक धरायला, एक फिरवायला. पाव इंचीला साधारण 14 ते 18 न्यूटन-मीटर, अर्धा इंचीला 50 ते 60. टॉर्क पाना वापरला. अंदाजाने आवळलं तर एकतर सैल राहतं, नाहीतर तांबं चिरतं, आणि दोन्हीचा शेवट गळतीतच.

मग गळती तपासायला नायट्रोजन. पुस्तिकेत दिलेल्या दाबापर्यंत भरून सांध्यांवर साबणाचा फेस लावला आणि गेजचा काटा हलतो का ते बघत थांबलो. इथे कुणीही चुकूनसुद्धा ऑक्सिजन वापरू नये. दाबाखाली त्याचा तेलाशी संपर्क आला की स्फोट होतो.

यानंतरची पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि घाईत हीच गाळली जाते: व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने नळ्या आतून पूर्ण रिकाम्या करणं. बरेच जण आउटडोअरमधला थोडा गॅस सोडून नळीतली हवा फुंकून काढतात. त्याने हवा बहुतांशी जाते, पण नळीला आतून धरलेला ओलावा तिथेच राहतो. हा ओलावा कॉम्प्रेसरच्या तेलात मुरतो, त्यातून आम्ल तयार होतं आणि मोटरचं वेटोळं खराब होतं. पंप तो ओलावा वाफ करून ओढून घेतो. 30 अंशांवरचं पाणी दाब सुमारे 32 मिमी पाऱ्यापर्यंत उतरला की उकळू लागतं. आपल्याला जायचं असतं 500 मायक्रॉनपर्यंत, म्हणजे अर्ध्या मिमी पाऱ्यापर्यंत. साध्या गेजवर हा फरक कळत नाही, त्याला मायक्रॉन गेजच लागतो. आकडा खाली आल्यावर मी पंप बंद करायला हात पुढे केला तर मित्र म्हणाला, "भाऊ, चालू दे अजून. पंप बंद केल्यावर आकडा किती चढतो, तेच खरं." मग पंप बंद करून थांबलो. आकडा थोडा सरकला आणि तिथेच टिकला. मग अ‍ॅलन कीने आउटडोअरचे दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण उघडून गॅस नळ्यांत सोडला.

आमचा गॅस आर-32. जागतिक तापमानवाढीच्या मोजमापात त्याचा आकडा 675, आर-410ए या एसीतल्या दुसऱ्या गॅसचा 2088. वातावरणाच्या दृष्टीने हा बरा, पण किंचित ज्वलनशील आणि हवेपेक्षा जड. म्हणून त्या वेळी दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या आणि घरात देवापुढचा दिवाही लावला नाही.

शेवटी नळ्यांवर टेप. खालून वर गुंडाळत जायचं, म्हणजे प्रत्येक पट्टा खालच्यावर कौलासारखा बसतो आणि पावसाचं पाणी आत शिरत नाही. भिंतीतलं भोक बाहेरून पुट्टीने बुजवलं, नाहीतर मुंग्या आणि पाली तिथून येतात.

ज्यांच्याकडे पंप आणि गेज नाहीत त्यांनी एका एसीसाठी ते विकत घेऊ नयेत, परवडत नाही. माणूस जरूर बोलवा, पण फोनवरच विचारा, "व्हॅक्यूम पंप आणणार ना?"

एसी पूर्ण उन्हाळा आणि पावसाळा चालला. गॅस आहे तितकाच आहे. आता दुसऱ्या खोलीचा विचार चालू आहे. तिथे आउटडोअर गच्चीवरच जाणार, म्हणजे नळी लांबणार आणि पुस्तिकेप्रमाणे जास्तीच्या प्रत्येक मीटरला ठरावीक ग्रॅम गॅस वजन करूनच घालावा लागणार. मित्राच्या वजनकाट्याची बॅटरी गेली आहे, ती या रविवारी बदलून घेतो आणि भिंत मोजायला घेतो.