आधी काट्यावर, मग रॅम्पवर

ट्रकच्या वजनकाट्यावर घरची गाडी नेली की काटेवाला आधी हसतो, मग विचारतो, "भरलेली की रिकामी?" त्या दिवशी मी म्हणालो, "भरलेली. माणसांसकट." माझ्या गॅरेजचं गिऱ्हाईक असलेले साहेब, त्यांच्या मॅडम, दोन मुलं, चाळीस लिटर पाणी, टपावर तंबू, मागे लटकवलेली स्टेपनी, सगळं ट्रिपला निघतात तसंच. नऱ्ह्याच्या त्या काट्यावर डंपरची रांग होती. ड्रायव्हर मंडळी खाली उतरून बघत होती. मुलांना मजा वाटत होती, साहेबांना लाज.

पावती आली. कंपनीनं ठरवून दिलेल्या एकूण वजनापेक्षा १२० किलो जास्त. मग गाडी पुढे घेऊन फक्त मागची चाकं काट्यावर ठेवली. या काट्याचा टप्पा १० किलोचा, त्यामुळे किलो-दोन किलोचा वाद घालण्यात अर्थ नाही. पण मागच्या एक्सलचा आकडा बघून वाद घालायची गरजही उरली नाही. जेवढं जास्तीचं होतं ते जवळजवळ सगळं मागेच होतं, आणि पुढच्या एक्सलला मर्यादेपेक्षा बरीच मोकळीक होती.

गाडी डस्टर एडब्ल्यूडी, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी. आपल्याकडे २०१४ मध्ये आलेलं हे मॉडेल माझ्या आवडीचं आहे. साध्या डस्टरला मागे दोन्ही चाकं जोडणारा बीम, हिला मागे प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन. पहिला गिअर मुद्दाम बुटका ठेवलेला, त्यामुळे दगडधोंड्यातून क्लच न जाळता रांगत जाते. पोटाखाली साधारण २१० मिलिमीटर जागा. आपल्याकडच्या कॅम्पिंगवाल्यांना, म्हणजे भंडारदऱ्याच्या काठावर नाहीतर केळदच्या पठारावर मुक्काम करणाऱ्यांना, याहून जास्त काही लागत नाही. तरी त्यांना हवं असतं.

साहेबांची तक्रार अशी होती: "मागून बसलीये. खड्ड्यात आपटते. ताम्हिणी उतरताना ब्रेकचा वास येतो." आणि त्याच दमात मागणी: "दोन इंच लिफ्ट करा, टायर मोठे घाला, पुढे लोखंडी गार्ड आणि अडकलेली गाडी ओढायची विंच लावा. मे महिन्यात स्पितीला जायचंय." निम्मी गिऱ्हाइकं अशीच येतात. दुखणं वजनाचं असतं आणि त्यावर आणखी वजन मागतात. म्हणून वर्षभरापूर्वी मी नियम केला, काट्याची पावती आणल्याशिवाय सस्पेन्शनच्या कामाला गाडी रॅम्पवर घ्यायची नाही. या नियमानं बरीच गिऱ्हाइकं तोडली. आमचे चाचा, जे माझ्या वडिलांच्या काळापासून शॉकअपचं काम करतात, ते अजून कुरकुरतात. "काटे पे दुकान नहीं चलती, भाई."

गार्डला मी सरळ नाही म्हटलं. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना पत्र पाठवून हे गार्ड आणि बुल बार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरोधात असल्याचं कळवलं होतं. शिवाय जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही मूळ बांधणीत फेरफार चालणार नाही असं सांगितलंय. कायदा बाजूला ठेवा. पुढे लोखंड लावलं की धडकेचा जोर सेन्सरपर्यंत कसा पोचेल, एअरबॅग कधी उघडेल, हे ना मला सांगता येईल, ना गार्ड विकणाऱ्याला. तो विकणारा मात्र "सेफ्टी" म्हणूनच विकतो.

मोठ्या टायरचं गणित पाटीवर मांडून दाखवलं. मूळ टायर २१५/६५ आर १६, म्हणजे उंची साधारण ६८.६ सेंटिमीटर. त्यांना हवा होता २२५/७० आर १६, उंची ७२.१. टायर साडेतीन सेंटिमीटरनं मोठा झाला तरी गाडी निम्मीच उचलली जाते, पावणेदोन सेंटिमीटर. बदल्यात मीटरवर १०० दिसत असताना गाडी प्रत्यक्षात १०५ नं धावते, पूर्ण वळणावर टायर आतल्या लायनिंगला घासतो, आणि ज्या ब्रेकचा वास येतोय त्यांच्यावर आणखी जड चाक येतं. साहेब म्हणाले, "पण दिसतं भारी." यावर माझ्याकडे उत्तर नाही. दिसतं खरंच.

रॅम्पवर घेतली आणि मग माझा आवाज चढायला लागला. कुठल्या तरी वर्कशॉपनं मागच्या स्प्रिंगखाली अ‍ॅल्युमिनियमचे स्पेसर, म्हणजे उंची वाढवणारे ठोकळे, घातले होते. गाडी बसली म्हणून उचलली, बास. का बसली हे बघायची गरज कुणाला वाटली नाही. एडब्ल्यूडीला मागच्या चाकांनाही ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारे दांडे, असतात. स्पेसरनं त्यांचा कोन वाढला, सांध्याचा रबरी बूट एका बाजूला फाटला, ग्रीस बाहेर आणि धूळ आत. चाचांनी बोटावर ते ग्रीस घेऊन चोळलं, माझ्यापुढे धरलं. वाळू लागत होती.

मग सुताराची करामत. डिक्कीत झोपायचा प्लॅटफॉर्म आणि दोन खण, सगळं १८ मिलिमीटरच्या प्लायमध्ये. आठ बाय चारची १८ ची शीट साधारण ३५ किलो भरते, इथे दोन लागलेल्या. घरातल्या वॉर्डरोबसाठी हे काम उत्तम होतं, खरंच सुबक, कडांना पट्टी मारलेली, सरकते चॅनल. पण खणांनी डिक्कीचा तळ व्यापला, खालची स्टेपनी निघेना, म्हणून स्टेपनी बाहेर काढून मागच्या रॅकवर टांगली. मग रॅकवर जागा उरली म्हणून तिथेच पाणी. रॅक १६, चाक २२, पाणी आणि फावडं मिळून आणखी २२, एकूण ६० किलो, मागच्या एक्सलच्या मीटरभर मागे. या गाडीच्या दोन्ही एक्सलमधलं अंतर २.६७ मीटर. तरफेच्या हिशोबानं त्या ६० चे मागच्या चाकांवर ८२ होतात आणि पुढच्या चाकांवरचे २२ उचलले जातात. स्टेअरिंग हलकं का लागतं, हा प्रश्न कुणी न विचारताच सुटला. त्यांना ते हलकं स्टेअरिंग आवडत होतं.

प्लॅटफॉर्म जमिनीला धरून ठेवायला सुतारानं सेल्फ-टॅपिंग स्क्रू मारले होते. खालून बघितलं तर एका स्क्रूचं टोक ब्रेकच्या पाइपपासून करंगळीभर लांब. मी फोटो काढला. हा फोटो आता गॅरेजच्या भिंतीवर आहे आणि जो कुणी "आमचा घरचा सुतार करून देईल" म्हणतो त्याला मी तो दाखवतो.

वायरिंगबद्दल मी जरा जास्तच बोलेन, कारण ते काम माझं आहे. मॅडमची तक्रार होती की फ्रिज रात्री दोनला बंद पडतो. साहेबांनी त्यावर मोठी बॅटरी घ्यायचं ठरवलं होतं. बॅटरी ठीक होती. वायर घरातली, १.५ स्क्वेअर मिलिमीटरची, बॉनेटपासून डिक्कीपर्यंत पाच मीटर जायची आणि पाच यायची. दहा मीटरला साधारण ०.१२ ओहम रोध. फ्रिजला ५ अँपिअर लागतात, म्हणजे ०.६ व्होल्ट वाटेतच जिरतात. बॅटरीवर १२.३ असताना फ्रिजला ११.७ दिसतात, त्याला वाटतं बॅटरी मरायला टेकलीये, आणि तो बिचारा इमानदारीनं बंद होतो. नुसती जाड वायर टाकली, ६ स्क्वेअरची, गाड्यांसाठीची बारीक तारांची. बॅटरीपाशीच फ्यूज. आधी फ्यूज नव्हताच, आणि फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, वायर जिथे आत येते तिथे पत्र्याच्या कडेनं आवरण कुरतडून तांबं दिसत होतं. गाडी पेटायला याहून जास्त काही लागत नाही. नवी मोठी बॅटरी घेतली असती तर फ्रिज तीनपर्यंत चालला असता आणि तांबं तिथेच घासत राहिलं असतं.

हे सगळं मी एका दुपारी साहेबांना सांगितलं. ते ऐकत होते, मान हलवत होते, पण "काढा" हा शब्द तोंडातून येत नव्हता. तंबूवर त्यांचे लाखभर रुपये गेले होते. तंबू ६५ किलो, खालचं कॅरियर २२. अशा गाड्यांच्या टपाला चालत्या गाडीत साधारण ७५ ते १०० किलोची परवानगी असते, कॅरियर धरून. उभ्या गाडीत तंबूत माणसं झोपली तर चालतं. धावत्या गाडीत, घाटाच्या उताराच्या वळणावर, तेच वजन गाडीला बाहेर ओढतं. साहेब म्हणाले, "८७ म्हणजे बसतंय की." कागदावर बसत होतं. काट्यावर नव्हतं.

मला खरं बोलायचं होतं ते मागच्या सीटबद्दल. प्लॅटफॉर्म सपाट व्हावा म्हणून सीट काढून घरी माळ्यावर ठेवली होती. मुलं गादीवर, मोकळी. आरसी बुकावर पाच सीट, गाडीत दोन. आरटीओवाले रस्त्यावर टपाचं कॅरियर बघून थांबवतात, आत गादीवर लोळणारी मुलं बघून हसून सोडतात, हा माझा नेहमीचा वैताग. मॅडम म्हणाल्या, "दादा, मुलं छान झोपून जातात. मोठ्या प्रवासात कटकट नाही."

समजावून उपयोग नसतो, हे मला माहीत आहे. मी ऑइलचा पाच लिटरचा कॅन गादीवर ठेवला, मॅडमना पुढे माझ्या शेजारच्या सीटवर बसवलं आणि गॅरेजमागच्या रिकाम्या प्लॉटमध्ये गाडी २५ पर्यंत नेऊन ब्रेक मारला. पंचवीस म्हणजे सोसायटीच्या गेटातून आत शिरताना असतो तो वेग. कॅन त्यांच्या सीटच्या पाठीवर आदळला. त्यांनी मागे वळून बघितलं, मग माझ्याकडे.

"सीट आज परत लावता येईल का?"

सीट साहेबांनी त्याच संध्याकाळी माळ्यावरून आणली. प्लायचं सगळं काढलं. अ‍ॅल्युमिनियमच्या २० बाय ४० च्या सेक्शनचा सांगाडा केला, वर ९ मिलिमीटरचं प्लाय, डिक्कीच्या मूळ हुकांना बोल्टनं धरलेलं, तळाला एकही नवं भोक नाही. पुढच्या कडेला बिजागरीचं फळकूट. दिवसा सीट उभी, पट्टे लागलेले. रात्री सीटची पाठ पाडायची, फळकूट उलगडायचं, मॅडम आणि मुलं आत, साहेब बाहेर जमिनीवरच्या तंबूत. सांगाडा, प्लाय, खणांऐवजी कापडी पेट्या, सगळं २६ किलो. प्लायच्या ७० च्या जागी. स्टेपनी पुन्हा तळाच्या खोबणीत, फळकूट उचललं की हाताशी. स्पेसर भंगारात. बूट नवे, मागचे ड्रम उघडून लायनर साफ, पुढे डिस्क-पॅड नवे. मागच्या शॉकअपना काहीही झालं नव्हतं. वजन उतरल्यावर गाडी आपोआप वर आली, साहेबांना हव्या असलेल्या दोन इंचांतला एक तिथेच मिळाला.

गाडीत गॅसची शेगडी पेटवू नका आणि एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो, त्यांनाही सांगितलं. दोन्हीतून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. साहेब म्हणाले, खिडकी बोटभर उघडी ठेवू. मी म्हटलं, बोटभर खिडकीवर जीव टांगू नका.

पाबे घाट चढून वेल्ह्यावरून केळदपर्यंत गाडी फिरवून आणली, दोघांना घेऊन. केळदच्या आधीच्या उखडलेल्या टप्प्यावर पहिल्या गिअरमध्ये, पुढची-मागची चाकं एकत्र चालवणारा लॉक लावून, टायरची हवा २५ वर उतरवून गेलो. कुठे आपटली नाही. परतताना घाट उतरून चाकांजवळ हात नेला, गरम होती, पण वास नव्हता. साहेब खूश होते. परत काट्यावर नेली, तंबू आणि कॅरियरशिवाय, चाळीसऐवजी वीस लिटर पाणी घेऊन. मर्यादेच्या १० किलो आत.

बिल आधीच्या अंदाजाच्या तिसऱ्या हिश्शाएवढंही झालं नाही, आणि गंमत म्हणजे साहेब त्यावरच नाराज दिसले. एवढ्या दिवसांत गाडीला "काय केलं" हे मित्रांना दाखवण्यासारखं काही नव्हतं. आमच्या धंद्यात काढण्याची मजुरी लावता येत नाही, लोक देत नाहीत. लावलेल्या वस्तूची पावती असते, काढलेल्या वजनाची नसते. तंबू आणि कॅरियर टेंपोत भरून त्यांच्या पार्किंगमध्ये पोचवले, तेव्हा टेंपोचं भाडंही मीच दिलं. चाचा त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत.

गेल्या आठवड्यात त्यांच्या ग्रुपचे फोटो कुणीतरी पाठवले. पवनेच्या काठावर ओळीत लागलेल्या गाड्या, त्यात ही डस्टर, टपावर तोच तंबू. सीट आत उभी होती, खिडकीतून डोकी दिसत होती, तेवढं मी फोटो मोठा करून बघितलं. टपावरच्या तंबूत झोपायचं तर आतला प्लॅटफॉर्म लागत नाही, पण तो काढला नसणार, म्हणजे त्याचंही वजन आहेच. पाणी वीस लिटर आहे की चाळीस, हे फोटोत दिसत नाही. पवनेला जाऊन यायला एवढं वजन चालून जाईल. स्पितीला रिकाँग पिओच्या पुढे, एका बाजूला सतलज आणि दुसऱ्या बाजूला कातळ असताना, चार माणसं आणि आठवड्याचं सामान घेऊन चालेल का, हा माझा प्रश्न आहे.

साहेबांना फोन केला. जाण्याआधी एकदा ब्रेक बघून देतो, येताना सगळं भरून, मुलांना घेऊन काट्यावरून या, म्हटलं. "बघू दादा, वेळ मिळाला तर," म्हणाले. मॅडमचा नंबरही माझ्याकडे आहे, सीटच्या वेळी त्यांनीच दिला होता. गिऱ्हाईक साहेब आहेत, गाडी साहेबांच्या नावावर आहे, तरी मॅडमना परस्पर सांगावं की नाही, यावर चाचा आणि मी दोन दिवस भांडतोय. चाचा म्हणतात, घर का मामला है, बीच में मत पड़ो. एप्रिल संपायला अजून वेळ आहे.