दुसरा गाल

बुधवारी सकाळी मी चर्चचं दार उघडत होतो, तेव्हा ती पायरीवर उभी होती. डोळ्याखाली जांभळा वळ, त्याच्याभोवती आधीच्या वळाची पिवळट कड. म्हणजे मार एका रात्रीचा नव्हता.

ती बसलीही नाही. “पाळकसाहेब, दुसरा गाल किती वेळा पुढे करायचा?”

गेल्याच रविवारी मी बायबलमधल्या मत्तय 5:39 वर संदेश दिला होता: कोणी एका गालावर मारलं, तर दुसराही पुढे कर. चांगला झाला म्हणून मंडळीतल्या लोकांनी आवर्जून सांगितलं होतं. तिसऱ्या बाकावर बसून तिनेही तो ऐकला होता आणि घरी जाऊन तो पाळला होता.

मला काही सुचेना. मग योहानाचा 18वा अध्याय उघडला. अटकेनंतर याजक हन्नापुढे चौकशी चालू असताना एक शिपाई येशूला चपराक मारतो. येशू उलटून मारत नाही, पण दुसरा गालही पुढे करत नाही. तो विचारतो: मी वाईट बोललो असेन तर तसं दाखव, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? डोंगरावरच्या प्रवचनात दुसरा गाल पुढे करायला सांगणारा तोच हा. हे वचन मी कितीदा तरी वाचलंय, पण रविवारी नेमकं तेच राहून गेलं होतं.

“चूक माझी झाली,” मी म्हणालो. “हा प्रश्न आता आपण मिळून विचारू.”

पोलिसांकडे निघणार तोच तिचा भाऊ आला. हातात लोखंडी सळई. “तुम्ही प्रार्थना करा. हिच्या नवऱ्याकडे मी बघतो.”

त्याच अध्यायात येशूला धरायला आलेल्यांवर उगारलेली शिष्य पेत्राची तलवार आहे, मल्ख नावाच्या दासाचा तुटलेला उजवा कान आहे, आणि तलवार म्यानात घाल हे येशूचं सांगणं आहे. पण त्या क्षणी त्याला वचन ऐकवणं क्रूरपणाच झाला असता. मला अमेरिकेत वर्णभेदाविरुद्ध अहिंसेने लढणारे पाळक मार्टिन ल्यूथर किंग आठवले. 30 जानेवारी 1956 ला मॉन्टगोमेरीत त्यांच्या घरावर बॉम्ब पडला, पत्नी आणि तान्ही मुलगी आत असताना. जमलेल्या लोकांपैकी काहींकडे शस्त्रं होती. किंगनी ओसरीवर उभं राहून सगळ्यांना शांतपणे घरी पाठवलं. बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध चालवलेला बहिष्कार मात्र त्यांनी सोडला नाही.

मी भावाला एवढंच म्हणालो, “तू कोठडीत गेलास तर तिच्याबरोबर कोण राहील?”

बराच वेळ गेला. मग त्याने सळई भिंतीला टेकवली.

ठाण्यात तिला विचारलं गेलं, घरातल्या घरात मिटवता येणार नाही का? मी तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली, “चार वर्षं मिटवतच होते.” तक्रार लिहून झाली तेव्हा तीन तास उलटले होते.

त्या रात्री तिच्या नवऱ्यासाठी मी प्रार्थना केली. वैऱ्यांवर प्रीती करण्याच्या आज्ञेतून मला सुटका नाही. पण म्हणून तिने त्या घरात परत जावं, असं मी तिला कधीच सांगणार नाही.

ठाण्याबाहेर भावाने विचारलं होतं, “मी त्याला क्षमा करायची का?”

“आज हे वाच,” म्हणून मी 13वं स्तोत्र काढून दिलं. पहिल्या दोन वचनांत ‘कुठवर?’ हा एकच प्रश्न चार वेळा येतो. तो मोठ्याने वाचू लागला. चौथ्यांदा तो शब्द आला आणि त्याला पुढे वाचवेना. मग तिने पुस्तक हातात घेतलं आणि तिथून पुढे वाचलं.