सोसायटीतलं ईव्ही चार्जिंग: आधी हिशेब, मग वायरिंग

सोसायटीच्या सभेत ईव्ही चार्जिंगचा विषय निघाला की हिशेब ठरलेला: वीस गाड्या, प्रत्येकी ७.४ किलोवॉट, म्हणजे १४८ किलोवॉट. नवा ट्रान्सफॉर्मर लागेल, परवडणार नाही, विषय संपला.

हा हिशेबच चुकीचा आहे. दिवसाला ४० किलोमीटर धावणाऱ्या छोट्या कारला साधारण ६ युनिट लागतात. वीस गाड्यांचे १२० युनिट रात्रीच्या ८ तासांत वाटले तर सरासरी १५ किलोवॉट, गळती धरून १८. लोड मॅनेजमेंट असलेले, म्हणजे उपलब्ध वीज गाड्यांमध्ये आपोआप वाटून देणारे चार्जर घेतले तर २५ किलोवॉटच्या जोडणीत हे बसतं. चार्जर ६ अँपिअरच्या, म्हणजे सुमारे १.४ किलोवॉटच्या खाली जात नाही, त्यामुळे एका वेळी १८ गाड्या चालतील आणि उरलेल्या दोन थोड्या वेळाने सुरू होतील. सकाळपर्यंत सगळ्यांचं काम झालेलं असतं.

खरा धोका वायरिंगमध्ये आहे. छोटा चार्जर ३.३ किलोवॉटचा धरला तरी १४ अँपिअर, तेही सलग काही तास. घरगुती १६ अँपिअरच्या सॉकेटचा स्क्रू जरा सैल असला तरी प्लास्टिक वितळतं. निळा इंडस्ट्रियल सॉकेटच लावा, प्रत्येकाला मीटर रूमपासून स्वतंत्र लाइन द्या. ४० मीटर अंतरासाठी ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घ्या, २.५ मध्ये दहा व्होल्ट वाटेतच जातात. ७.४ किलोवॉटला तेवढ्याच अंतरावर १० स्क्वेअर एमएम.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांनुसार ३० मिलिअँपिअरचा, किमान टाइप ए आरसीसीबी (वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवा, सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच हवा आणि एक्स्टेन्शन बोर्ड चालत नाही. स्वस्त म्हणून फक्त एसी गळती ओळखणारा टाइप एसी बसवतात, पण गाडीच्या चार्जरमधून डीसी अंश असलेली गळती झाली तर तो ट्रिप होईलच याची खात्री नसते. वॉलबॉक्समध्ये, म्हणजे भिंतीवरच्या चार्जरमध्ये, ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखायची सोय नसेल, तर डीसी गळतीही ओळखणारा टाइप बी आरसीसीबी घ्या, महाग असला तरी.

आणि अर्थिंग. ते नीट नसलं की गाडी चार्ज व्हायला नकार देते. मग कुणीतरी सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडून गाडीला फसवतो. पुढे मागच्या बाजूला कुठे न्यूट्रल तुटली तर गाडीच्या पत्र्यावर थेट वीज येते. हे कुणालाही, कधीही करू देऊ नका. चार्जिंगसाठी वेगळा अर्थ पिट (अर्थिंगचा खड्डा) खणा आणि त्याचा रोध मे महिन्यात मोजा. पावसाळ्यातल्या ओल्या मातीचा आकडा फसवा असतो.

जोडणी शक्यतो वेगळी घ्या. महावितरणच्या दरपत्रकात ईव्ही चार्जिंगला स्वतंत्र वर्ग आहे. प्रत्येक पॉइंटला सबमीटर लावला की बिलावरून भांडणं होत नाहीत. ही लाइन जनरेटरवर घेऊ नका, तो लिफ्ट आणि पंपासाठी राहू द्या. तळघरात पाणी शिरत असेल तर पॅनल पाण्याच्या जुन्या खुणेच्या वर बसवा. चार्जर आज चारच लावले तरी चालतील, पण केबल ट्रे आणि पॅनलमधली जागा वीस गाड्यांची ठेवा.