मशिनिस्ट ट्रेड, दाखल-खारीज आणि २८ दातांचं गिअर

२०२२ च्या जूनमध्ये दहावीचा निकाल लागला आणि आमच्या घरी माझ्यापेक्षा इतरांनीच माझा कोर्स ठरवून टाकला. मोठे बाबा म्हणाले, "कोपा कर पोरी. पोरीच्या जातीनं लोखंडापाशी कायले जायचं? सावलीत खुर्चीवर बसून काम असते." कोपा म्हणजे आयटीआयचा संगणकाचा एक वर्षाचा ट्रेड. मामेबहीण नागपूरला मल्टिमीडिया ॲनिमेशन करत होती, तोही एका वर्षाचा. तिनं केलेली हलती चित्रं मला मनापासून आवडायची. पण मला मशिनिस्ट हवा होता, म्हणजे मशीनवर लोखंड कापून भाग घडवायचा ट्रेड, दोन वर्षांचा.

त्याला कारण होतं. बाबा दिवाळीनंतर दारव्ह्याजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, हंगामी कामाला जातात. मी नववीत असताना तिथल्या एका मशीनचं गिअर तुटलं. नवं नागपूरहून येईपर्यंत तीन दिवस काम बंद, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आणि बाबांची तीन दिवसांची मजुरी गेली. तळहाताएवढं दातेरी चाक. ते इथं का होऊ शकत नाही, हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलाच नाही. बाबांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "घे तुले पाहिजे ते, पण अर्धवट सोडजो नोको."

प्रवेशाची सगळी प्रक्रिया ऑनलाइन आहे. नोंदणी करायची, अर्ज भरायचा, मग मूळ कागद घेऊन आयटीआयमध्ये जाऊन अर्ज निश्चित करून घ्यायचा आणि त्यानंतर ट्रेड व संस्थांचे पर्याय भरायचे. अर्ज भरायला अर्धा तास लागला. कागद जमवायला तीन आठवडे.

माझ्याकडे जातीचा दाखला नव्हता. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, हे मला सेतू केंद्रात गेल्यावर कळलं. बाबा शाळेत गेले ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी, म्हणजे पुरावा आजोबांचाच हवा. आजोबा त्यांच्या आईच्या गावच्या, म्हणजे माझ्या पणजीच्या माहेरच्या शाळेत दोन वर्षं गेले होते, ही गोष्ट घरात फक्त आजीला ठाऊक होती. तिथल्या मुख्याध्यापकांनी कपाटातून जुनं दाखल-खारीज रजिस्टर, म्हणजे शाळेत आलेल्या-गेलेल्या मुलांची नोंदवही, काढलं. पानांच्या कडा हाताला लागताच तुटत होत्या. दुपारपर्यंत एकेक ओळ बघितली तेव्हा आजोबांचं नाव सापडलं: वडिलांचं नाव, जात, गाव सगळं होतं, आडनाव मात्र नव्हतं. उतारा घेतला, पण एका कार्यालयातल्या टेबलावरून तो दोनदा परत आला. शेवटी वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आणि तहसीलच्या रेकॉर्डमधून काढलेली कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल जोडली, तेव्हा काम झालं. त्या पायऱ्यांवर बाबांच्या चार दिवसांच्या मजुऱ्या गेल्या, आणि तेही पेरणीच्या तोंडावर. याचा मला आजही राग येतो. आठवी-नववीतच शाळेनं हे सांगितलं असतं तर पोरांची केवढी धावपळ वाचली असती. दाखला हातात पडला तो अर्ज निश्चितीची मुदत संपायच्या आदल्या दिवशी.

पर्याय भरताना नेट कॅफेवाल्या दादानं यादीत आधी जवळची आयटीआय आणि जो मिळेल तो ट्रेड टाकायला सुरुवात केली होती. मी थांबवलं. पहिल्या फेरीत पहिल्याच क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो, नाकारला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद. म्हणून पहिल्या क्रमांकावर जे खरंच हवं तेच. मी यवतमाळ, मशिनिस्ट लिहिलं. दुसऱ्या फेरीत ते मिळालं.

सकाळी गावातून दारव्हा, तिथून यवतमाळ. एसटीचा विद्यार्थी पास होता म्हणून परवडलं. तुकडीत मुली दोघीच. वेणी घट्ट बांधून टोपीत, ओढणी घरी, पायात बूट, लेथवर, म्हणजे लोखंड फिरवत कापणाऱ्या मशीनवर, हातमोजे अजिबात नाहीत. लेथच्या पकडीला, म्हणजे चकला, चावी लावून तशीच सोडलेली दिसली तर सर त्या दिवशी मशीनला हात लावू देत नसत, आणि ते बरोबरच होतं.

सुरुवातीला मशीन नाहीच, फक्त फाईल, म्हणजे कानस. लोखंडी पट्टी व्हाइसमध्ये (शिकंज्यात) धरायची, घासायची, काटकोन तपासायचा ट्राय स्क्वेअर लावून उजेडाकडे धरायची. मधून उजेड दिसला की परत घासायची. तळव्यांना फोड आले. आईनं रात्री हळद-तेल लावलं, पण "सोड" म्हणाली नाही. पुढे मायक्रोमीटरवर ०.०१ मिलीमीटर वाचताना लक्षात आलं, की एवढासा फरक डोळ्याच्या आधी बोटांना कळायला लागला होता.

मग लेथ, शेपर, मिलिंग ही कापायची मशीनं. आणि एक दिवस फळ्यावर लिहिलेलं: स्पर गिअर, मॉड्यूल २, दात २८. स्पर म्हणजे सरळ दातांचं, मॉड्यूल म्हणजे दाताचं माप. मी किती वाट बघितली होती या जॉबची, म्हणजे करायला दिलेल्या नगाची! ब्लँकचा, म्हणजे दात पाडायच्या आधीच्या गोल तुकड्याचा, बाहेरचा व्यास दातांत दोन मिळवून मॉड्यूलनं गुणायचा, म्हणजे ६० मिलीमीटर. दाताची खोली साडेचार. जॉब मोजून फिरवणाऱ्या इंडेक्सिंग हेडचं हँडल ४० वेळा फिरवलं की जॉब एकदा फिरतो, म्हणून ४० भागिले २८: एक पूर्ण फेरा आणि हेडच्या तबकडीवरच्या २१ भोकांच्या वर्तुळावर ९ भोकं.

मी हिशेब बरोबर केला आणि भोकं चुकीची मोजली. हँडलची पिन ज्या भोकात बसलेली असते ते मोजायचंच नसतं, त्याच्या पुढून एक सुरू होतो. मी ते धरून ९ मोजली, म्हणजे प्रत्येक वेळी ८ च पुढे सरकले. एकेक दात बघून काहीच कळत नव्हतं. अठ्ठाविसावी खाच पाडली आणि उरलेला शेवटचा दात बाकीच्यांच्या जवळपास तिप्पट जाड निघाला. मला रडू आलं. सरांनी गिअर हातात घेऊन फिरवून पाहिलं, म्हणाले, "हे कपाटात ठेवू. पुढच्या तुकडीला दाखवायला याच्यापेक्षा चांगलं काही नाही. जा, दुसरा ब्लँक घे." दुसरं गिअर झालं तेव्हा मी ते नमुन्याच्या मास्टर गिअरला भिडवून फिरवलं. अडकलं नाही. तो आवाज मी विसरणार नाही.

दुसऱ्या वर्षी सीएनसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारं मशीन, आलं. प्रोग्रॅम लिहायला मला जड गेलं नाही, कारण प्रत्येक ओळीनं टूल कुठं जाणार हे हातानं केलेलं होतं. ज्यांनी फाईलचे दिवस कसेबसे काढले, ते इथं अडखळले. थिअरीची परीक्षा संगणकावर होते. भारत स्किल्स या सरकारी पोर्टलवरचे प्रश्नसंच मोबाईलवर सोडवले, बहुतेक एसटीतच.

२०२४ मध्ये पास झाले आणि नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कारखान्यात ॲप्रेंटिस म्हणून लागले. नियमानं किमान विद्यावेतन ७,००० रुपये होतं. खोलीभाडं आणि डबा जाऊन फार उरत नसे, पण पहिल्या महिन्याचे हजार रुपये बाबांच्या हातात दिले. दहावीनंतर दोन वर्षांची आयटीआय झाली की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मागता येतो. आता त्याच अर्जाच्या तयारीत आहे.

परवा शेजारच्या काकूंची पोर फॉर्म घेऊन आली. तिलाही मशिनिस्टच हवा आहे. मी आधी विचारलं, आजोबा कुठल्या शाळेत होते? शाळा बंद पडली म्हणे, पटावर पोरंच उरली नव्हती. अशा शाळांची जुनी रजिस्टरं बहुधा केंद्रशाळेत ठेवलेली असतात. उद्या सकाळच्या गाडीनं तिच्यासोबत जाते आहे.