वर्गणीची वही

एप्रिल 2016. मांजरा धरण कोरडं पडलेलं. लातुरात पाणी भरायच्या ठिकाणी मार्चमध्येच 144 कलम लागलं होतं. 12 तारखेला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, 10 वाघिणी, साधारण 5 लाख लिटर. टेशनावर फोटो निघाले. टेशन ते घागर हे अंतर मात्र आमच्यासारख्यांच्या गळ्यात.

मी तेव्हा एका संस्थेत वस्तीकाम करायचो. 15 तारखेला, शुक्रवारी, आमचा टँकर एका वस्तीत गेला. त्यात रामनवमी. आदल्या दिवशीच्या भीमजयंतीच्या पताका अजून डोक्यावर फडफडत होत्या. घरटी 200 लिटर ठरलेलं. यादी मीच केली होती, भरदुपारी हिंडून. म्हणजे कुलूप लावून कामाला गेलेली घरं सगळी सुटलेली. पाइप सोडला आणि दहा मिनिटांत झोंबाझोंबी सुरू. ड्रायव्हर काच वर करून बसला.

तेवढ्यात मंदिरातले टाळकरी काका सप्ताहाच्या वर्गणीची वही घेऊन आले. "साहेब, तुमची यादी ऱ्हाऊ द्या. ही बगा." लाल कव्हर, तेलकट पानं. घर कुणाचं, पंगतीला किती माणसं, पैसे किती दिले. भाडेकरूसुद्धा होते. ज्यांनी रुपया दिला नव्हता त्यांची नावं तर जास्तच ठसठशीत, पुढं 'बाकी' लिहून. येणं असलं की माणूस नाव विसरत नाही! मग विहारातल्या बायका दानाची वही घेऊन आल्या, मशिदीचे सदर चंद्याची. ओट्यावर तिन्ही वह्या मांडून नंबर काढले, पोरांनी ते खडूनं ड्रमांवर लिहिले, भोंग्यावरून दहा-दहा नंबर पुकारले जाऊ लागले.

एकोपा वगैरे म्हणायची घाई नको. कोणती वही आधी, यावर पाऊण तास गेला होता. विहारातल्या एका आजीनं चिठ्ठ्या टाकून तो मिटवला. बाराला रामजन्मासाठी पाइप बंद, दीडला जुम्म्यासाठी. वैतागला तो फक्त ड्रायव्हर.

चारच्या सुमारास टँकर तळाला आला. नाल्याकडेला पाल ठोकून राहिलेली एक बाई कॅन घेऊन कधीची उभी होती. मी नाव विचारून वह्या चाळायला लागलो.

"आमी कुनालाच वर्गनी देत न्हाई, दादा. कुन्या वहीत हुडकता?"

काकांनी लाल वहीचं शेवटचं पान उघडलं, तिचं नाव लिहिलं आणि हाताच्या सवयीनं पुढं लिहिलं, 'बाकी'. मग पाइप तिच्या कॅनमध्ये सोडला.