कड काही केल्या चमकेना

लहानसं कार्ड होल्डर. एक पाठ, दोन खिसे, तळहातावर मावेल एवढं. कापायला एक संध्याकाळ लागली, शिवायला दोन. आणि कडा घोटण्यात, म्हणजे घासून गुळगुळीत आणि चमकदार करण्यात, सहा आठवडे गेले, तरी त्या जमल्या नाहीतच. आता त्यातून बाहेर पडलेय, पण त्या सहा आठवड्यांचा राग अजून मनातून गेलेला नाही. चामड्याच्या छोट्या वस्तू हाताने करायला बसणाऱ्या आणखी कुणावर ही वेळ येऊ नये, म्हणून लिहून काढतेय.

कापण्याशिवण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण ते सरळ पार पडलं. कार्डाचं माप सगळीकडे सारखंच असतं, ८५.६ बाय ५४ मिलिमीटर. आधी पुठ्ठ्यावर नमुना कापला, त्यात खरी कार्डं घालून पाहिली, मगच चामड्याला हात लावला. शिवण कडेपासून ३ मिलिमीटर आत येते आणि दोन्ही बाजूंची मिळून ६ मिलिमीटर जागा खाते, हे पुठ्ठ्यावरच कळलं ते बरं झालं. भोकं पाडायच्या काट्याचे दात ४ मिलिमीटरवर होते. दोरा मेणाचा, सुया बोथट टोकाच्या. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवायच्या आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून काढायच्या. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे एक टाका तुटला की शेजारचेही सुटत जातात. हाताच्या या टाक्यात एक तुटला तरी दुसऱ्या सुईची फेर शिवण धरून ठेवते. हे काम मला इतकं आवडलं की शेवटचं भोक आलं तेव्हा वाईट वाटलं.

मग आल्या कडा.

मी पाहिलेल्या प्रत्येक व्हिडिओत हे काम चुटकीसरशी होत होतं. कडेचे कोपरे उतरवायचे, सँडपेपर फिरवायचा, थेंबभर पाणी किंवा डिंक लावायचा आणि खाच पाडलेल्या लाकडाने घासायचं. अर्ध्या मिनिटात कड काचेसारखी. माझी कड ओली असेपर्यंत दबायची, वाळली की पुन्हा तंतू उभे. बोट फिरवलं तर मखमलीसारखं लागायचं.

मला वाटलं सँडपेपर चुकलाय. ४०० नंबरचा वापरत होते, मग ६०० आणला, मग १०००. फरक शून्य. मग डिंकावर संशय गेला, म्हणून डिंक बदलला. त्यानंतर लाकूड गुळगुळीत नाही असं वाटलं, म्हणून लाकूड घासत बसले. कुणी म्हणालं कॅनव्हासच्या कापडाने घास, तर तसं घासलं. मधमाशांचं मेण चोळून पाहिलं. मेणाने दोन दिवस चमक राहिली आणि खिशात ठेवल्यावर निघून गेली. रोज रात्री अर्धा तास घोटायचं आणि सकाळी उठून पहिल्यांदा कड बघायची, असा क्रम झाला. माझाच हात हलका पडतोय असं वाटून जोर वाढवला, तर कड दबून बाहेरच्या बाजूला पसरली आणि पुढच्या खिशाची रेघ वाकडी दिसायला लागली. तो डाग अजून त्यावर आहे.

चामडं जिथून घेतलं होतं तिथे लिहून विचारलं, की याची कड घोटली जात नाही, काय करू? उत्तर आलं, ‘अस्सल चामडं आहे, उत्तम दर्जाचं.’ पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. कातड्याच्या मागच्या चिठ्ठीवरही तेवढंच छापलेलं होतं. मी मुकाट्याने परत घोटायला बसले. चामडं अस्सल आहे तर दोष माझ्याच हाताचा, असं मी धरून चालले होते. माझे सहा आठवडे खाल्ले ते या समजुतीने.

सुटका अगदी साध्या गोष्टीने झाली. एकदा दुपारी खिडकीत बसून उरलेला तुकडा रापीने कापला आणि ताज्या कापाकडे नीट पाहिलं. वर तपकिरी, खाली तपकिरी आणि मधोमध फिकट निळसर राखाडी रेघ. शेजारी जुन्या कमरपट्ट्याचा तुकडा पडला होता. तो कापला तर आरपार एकाच रंगाचा. दोघांवर पाण्याचा एकेक थेंब टाकला. पट्ट्याने थेंब पिऊन टाकला आणि ती जागा गडद झाली. माझ्या चामड्यावर थेंब तसाच बसून राहिला.

मग वाचायला घेतलं, आणि खरं तर सुरुवातीलाच हे वाचायला हवं होतं. कातडं कमावायच्या मुख्य पद्धती दोन. एक जुनी, वनस्पतींची. झाडांच्या साली, लाकूड, हिरड्यासारखी फळं यांच्यात टॅनिन असतं. हिरडा चघळल्यावर जीभ तुरट होऊन आवळल्यासारखी वाटते ती त्यानेच. कातड्यातल्या प्रथिनाला ते धरून बसतं आणि कातडं सडत नाही. जाड कातड्याला या पद्धतीने आठवडे, कधी महिने लागतात. दुसरी पद्धत क्रोमियमच्या क्षारांची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती पुढे आली, १८८४ मध्ये ऑगस्टस शुल्ट्झने तिचं पेटंट घेतलं, आणि आज जगातलं बहुतेक चामडं तिनेच कमावलं जातं, कारण काम एखाद्या दिवसात उरकतं. क्रोममधून निघालेलं ओलं कातडं निळसर दिसतं. माझ्या तुकड्यातली रेघ त्याचीच होती.

कड घोटली जाते ती वनस्पतीने कमावलेल्या चामड्याची. त्याचे तंतू टॅनिनने भरलेले आणि घट्ट असतात. पाण्याने ते नरम होतात, घासण्याच्या उबेने आणि दाबाने एकमेकांवर बसतात आणि वाळले की तसेच राहतात. क्रोमच्या चामड्याचे तंतू मऊ आणि लवचिक. दाबले तर दबतात, सोडले की परत उठतात. मी जे सहा आठवडे करत होते ते त्या चामड्यावर होणारच नव्हतं. क्रोम वाईट असतं असं मात्र मुळीच नाही. ते मऊ असतं, पाण्याला जास्त टिकतं, पिशवीला किंवा अस्तराला छान. फक्त विकताना तेवढं एक वाक्य सांगायला काय हरकत होती?

तरीही खात्री करायची होती. दोन्हींच्या बारीक पट्ट्या जुन्या भांड्यात उकळत्या पाण्यात टाकल्या. पट्ट्याची पट्टी बघता बघता वळली, आखडली आणि लाकडासारखी टणक झाली. माझी पट्टी होती तशीच. वनस्पतीने कमावलेलं चामडं साधारण ७० ते ८५ अंश सेल्सिअसला आखडतं, चांगलं क्रोम १०० अंशही सोसतं. ती पट्टी चिमट्याने बाहेर काढली तेव्हा मला फार बरं वाटलं. माझ्या हातात दोष नव्हता.

विक्रेत्याला तिसऱ्यांदा लिहिलं. या वेळी एवढंच विचारलं, की हे क्रोमने कमावलंय की वनस्पतीने? तासाभरात उत्तर आलं, ‘क्रोम.’ म्हणजे त्यांना माहीत होतं. चामडं घेताना आधी हाच प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या. निळी रेघ दरवेळी दिसेलच असं नाही, कारण आरपार रंगवलेल्या क्रोममध्ये ती झाकली जाते, आणि काही चामडी दोन्ही पद्धती मिळून केलेली असतात. थेंबाची परीक्षाही वरून लेप दिलेला असेल तर फसते.

त्या कार्ड होल्डरला शेवटी कडेचा रंग लावला. पातळ थर, पूर्ण वाळू द्यायचा, हलका सँडपेपर, पुन्हा थर. चार थरांनी कड भरून आली. घाईने जाड थर देऊ नका, तो कोपऱ्यावरून सुटतो. माझा एक कोपरा सुटलाच.

मग वनस्पतीने कमावलेलं १.२ मिलिमीटर जाडीचं चामडं आणलं आणि तसंच दुसरं होल्डर केलं. पाणी लावलं, लाकूड फिरवलं. मिनिटभरही लागलं नाही. कड गडद झाली, दोन थरांमधली रेघ नाहीशी झाली, आणि मी ती किती तरी वेळ नखाने चाचपत राहिले.

या चामड्याचे स्वभाव वेगळे आहेत, ते मला चुकत चुकत कळले. ओलं असताना त्यावर लोखंडी पट्टी ठेवू नका. टॅनिन आणि लोखंड मिळून काळा डाग पडतो आणि तो सहज निघत नाही. तुकडे खिडकीत उघडे ठेवू नका, जो भाग झाकलेला नाही तेवढाच उन्हाने गडद होतो. कडेला रंग द्यायचा असेल तर घोटण्याआधी द्या, नंतर तो आत शिरत नाही. आणि चामड्याचे थर चिकटवून, शिवून झाल्यावरच सँडपेपर मारा, म्हणजे सगळे थर एका पातळीत येतात. चिकटवायच्या जागी वरचा गुळगुळीत पृष्ठभाग आधी खरवडून घ्या, नाहीतर पकड येत नाही. हे शिवणीच्या आधी सांगायला हवं होतं. दोऱ्याचंही राहिलं. शिवणीच्या लांबीच्या चौपट दोरा घ्या आणि वर सुयांसाठी थोडा जास्त. पहिल्या वेळी तीनपट घेतला होता आणि शेवटच्या पाच टाक्यांना सुई धरवत नव्हती. कड तासून पातळ करताना चामडं फाटत असेल तर रापीला धार नाही, दुसरं कारण शोधू नका. प्रत्येक वेळी बसण्याआधी पाती धार लावायच्या चामडी पट्ट्यावर दहा-बारा वेळा ओढून घ्या.

आता चष्म्याचं घर करतेय. हेही याच चामड्याचं, कारण भिजवून साच्यावर दाबलं की ते तो आकार धरून ठेवतं. लाकडी साचा घातलाय, कडेला चिमटे लावलेत. उद्या संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही असं ठरवलंय, पण आत्ताच दोनदा जाऊन बघून आले.