ताक्नाची मुकी मिरवणूक

परवा रात्री बेळगावजवळच्या आमच्या खानापूरला लाईट गेली, मोबाईलला थोडं चार्जिंग होतं म्हणून दक्षिण अमेरिकेतली एक लढाई वाचत बसलो आणि झोपच उडाली.

26 मे 1880. पेरूच्या ताक्ना शहराबाहेर वाळूचं उघडं पठार, एकीकडं चिलीची फौज, दुसरीकडं पेरू आणि बोलिव्हिया, आणि त्यांचे सेनापती खुद्द बोलिव्हियाचे राष्ट्राध्यक्ष कांपेरो. मूळ भांडण वाळवंटातल्या सोऱ्याचं, खताला आणि दारूगोळ्याला लागतो तो. दोस्त हरले, बोलिव्हिया तिथूनच माघारी फिरली आणि तिचा समुद्रकिनारा गेला तो गेलाच. 7 जूनला आरिका बंदराचा कडाही चिलीनं घेतला, शेवटचं काडतूस संपेपर्यंत लढीन म्हणणारे पेरूचे कर्नल बोलोग्नेसी तिथंच पडले.

खरं माझा जीव अडकला पुढं. 1883 च्या तहात लिहिलं होतं, ताक्ना-आरिका 10 वर्षं चिलीकडं राहील, मग लोकांचं मत घ्यायचं. 10 वर्षं होऊन गेली, मत घेतलंच नाही. 1900 च्या सुमाराला चिलीनं तिथल्या पेरूच्या शाळा बंद केल्या. 1901 मध्ये ताक्नाच्या लोकांनी पेरूचा झेंडा चर्चमध्ये आशीर्वादाला न्यायची परवानगी मागितली, ती मिळाली, खरं अट अशी की घोषणा नाही, गाणं नाही. सगळं गाव रस्त्यावर आणि तोंडातून शब्द नाही! मी ते दोनदा वाचलो.

पुढं 1925 ला अमेरिकेचे जनरल पर्शिंग मतदान घ्यायला आले, तेही 1926 ला गुंडाळलं. शेवटी 1929 ला दोन सरकारांनीच वाटणी केली, ताक्ना पेरूला, आरिका चिलीला. ताक्नात अजूनही दर 28 ऑगस्टला झेंड्याची मिरवणूक निघते.

सकाळी आजोबांना सांगितलं. ते मराठी शाळेत मास्तर होते, आमचा मराठी भाग कर्नाटकात घातला त्याच्या निषेधाला अजूनही 1 नोव्हेंबरला दंडाला काळी फीत बांधतात, आता सायकल चालवायला होत नाही म्हणून दारात उभे राहून निषेधाची सायकल फेरी बघतात. चहाची कपबशी खाली ठेवून त्यांनी सगळं ऐकलं. मला वाटलं ताक्ना परत मिळालं म्हणून खूश होतील.

"आणि ते दुसरं गाव?"

"आरिका. ते चिलीतच राहिलं आजोबा."

"मग तिथल्या लोकांना तरी विचारलं काय रे कुणी?"

"नाही. त्यांनाही नाही."